मिरज-सांगलीहून जर्मनीत येणाऱ्या नर्स मुलींसाठी: जवळच्या चर्चची ओळख करून घ्या

मुलींनो, पत्त्याची नोंदणी, बँक, इन्शुरन्स ही कामं एजन्सीवाले समजावून देतात, म्हणून मी त्यात शिरत नाही. माझं सांगणं वेगळं आहे. पहिल्याच महिन्यात आपल्या भागातलं चर्च गाठा आणि युद्धातून पळून आलेलं एखादं कुटुंब तिथे आसऱ्याला आहे का, ते विचारा. तुमचा धर्म कोणता, हे कुणी विचारणार नाही. मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या आसपास वाढलेल्यांना हे परकं वाटू नये.

चर्चने दिलेल्या अशा आसऱ्याला इथे किर्खेनआझ्युल म्हणतात. १९८३ साली बर्लिनमधल्या एका मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, तीन पॅलेस्टिनी कुटुंबांना आसरा दिला. त्यांना युद्ध चालू असलेल्या लेबनॉनमध्ये परत पाठवणार होते. आज बहुतेक प्रकरणं डब्लिन नियमाची असतात: युरोपातल्या ज्या देशात माणूस आधी पोचला, साधारण त्यानेच त्याचा आश्रयाचा अर्ज तपासायचा. सिरिया किंवा अफगाणिस्तानातून निघालेल्या कुटुंबाचे बोटांचे ठसे वाटेत बल्गेरियात किंवा क्रोएशियात घेतले जातात. मग जर्मनीत पोचल्यावर तिकडेच परत जायची नोटीस येते. पाठवायची मुदत साधारण सहा महिन्यांची. ती उलटली की अर्ज जर्मनीलाच तपासावा लागतो. तेवढे महिने मंडळी त्यांना आपल्या आवारात सांभाळते.

हे लपवाछपवीचं काम नव्हे. पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि मंडळीचे पंच आधी ठराव करतात, आणि कुटुंब आत आलं की सरकारी कार्यालयाला पत्त्यासकट पत्र जातं. कायद्याने चर्चला असा हक्क नाही. पोलीस सहसा आत येत नाहीत, पण अलीकडे काही ठिकाणी आलेही आहेत. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: दया आली तरी कुणाला स्वतःच्या खोलीवर ठेवायचं नाही. तो गुन्हा ठरू शकतो, आणि तुमचा व्हिसाही अडचणीत येईल.

(युक्रेनच्या कुटुंबांना मार्च २०२२ पासून वेगळं संरक्षण आहे. ती तुम्हाला चर्चच्या भाषावर्गात भेटतील.)

आता करायचं काय? आईबाप फाटकाबाहेर पडू शकत नाहीत, बाहेर सापडले तर थेट रवानगी होऊ शकते. त्यामुळे मुलांना शाळेत सोडणं आणि बाजारहाट ही कामं दुसऱ्या कुणी तरी करावी लागतात. स्वयंपाक मात्र त्यांच्यासाठी करायला जाऊ नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आपली माणसं शाळांत नि मंगल कार्यालयांत राहिली. वाढलेली खिचडी गोड मानून खाल्ली, पण चार दिवसांत बायकांना आपली चूल हवीशी झाली. तसंच हे. आमच्या मंडळीत एक सिरियन आई कुणाशी बोलायची नाही. एका शनिवारी स्वयंपाकघर तिच्या हाती दिलं. तिने मसूर आणि दलिया शिजवला, उभा चिरलेला कांदा काळपट होईस्तोवर तळून वर पसरला, आणि मीठ किती ते मला चाखायला लावलं. बोलणं तिथून सुरू झालं.

नर्स म्हणून तुमचा उपयोग मोठा आहे. या कुटुंबांकडे बहुधा इन्शुरन्स नसतो, खर्च मंडळीच उचलते आणि ओळखीचे डॉक्टर फुकट तपासतात. तुमच्या डिग्रीला इथली मान्यता मिळाली नसेल तर औषध-इंजेक्शनला हात लावू नका. पण ताप किती, मूल रात्री किती वेळा दचकून उठलं, जेवलं का, हे नीट टिपून डॉक्टरांना देणं तुम्हाला जमतं.

युद्धाबद्दल आपण होऊन विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. आणि फोटो? एकही नको, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा नको.

पाळकांना भेटायचं तर रविवारच्या उपासनेनंतर कॉफीला थांबा. इथे पाळक बऱ्याचदा बाईच असतात. पुढच्या महिन्याच्या ड्युट्या हातात आल्या की तुमच्या सुट्ट्या त्यांना लिहून द्या, म्हणजे शाळेच्या फेऱ्या लावताना त्यांना तुमच्यावर भरवसा ठेवता येईल. जर्मन बी-वन पातळीचं (मधल्या पायरीचं) असलं तरी भागतं, त्या मुलांची आईही तेवढंच बोलते.