नाळेच्या विकारांचे कोडिंग : आईची केसशीट आणि बाळाची केसशीट

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा हुक्केरीकडून बेळगावात बाळंतपणासाठी आलेल्या बाईची केसशीट उघडली, की तिच्यात तीन भाषा भेटतात. तायी कार्डावरच्या, म्हणजे गर्भवतीला मिळणाऱ्या सरकारी नोंदपत्रावरच्या, नोंदी कन्नडमध्ये असतात, डॉक्टरांची टिपणे इंग्रजी लघुरूपांत असतात, आणि सोबत आलेल्या आईने किंवा सासूने सांगितलेली हकीकत मराठीत असते. ‘बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते’ असे घरचे सांगतात, सिस्टरच्या टिपणात ‘कुत्तिगेगे होक्कुळबळ्ळी सुत्तिकोंडिदे’ असे असते, आणि प्रसूतीच्या नोंदीत ‘लूप राउंड नेक’ एवढेच. अर्थ तिन्हींचा एकच आहे. केसशीटवरच्या अशा प्रत्येक आजाराला किंवा घटनेला ठरलेल्या यादीतला अक्षर-आकड्यांचा कोड देणे, याला कोडिंग म्हणतात. मात्र कोड ठरवायला जो शब्द लागतो तो बहुधा तिन्हींत नसतो, आणि तो शब्द आहे ‘दाब’. रेकॉर्ड विभागात नव्याने बसलेल्यांना हे काम नीट हाती यावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधार जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणाचा आहे. ते १९९० मध्ये मंजूर झाले आणि १९९४ पासून वापरात आले. त्याचे तीन खंड आहेत: पहिल्यात कोडची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात वर्णानुक्रमे सूची. शोध तिसऱ्या खंडात सुरू करावा, पण पहिल्या खंडात जाऊन त्या कोडखालच्या ‘समाविष्ट’ आणि ‘वगळून’ या ओळी वाचल्याशिवाय कोड लिहू नये. नाळेच्या बाबतीत निम्म्या चुका या ओळी न वाचल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न नेहमी एकच विचारावा: ही केसशीट कोणाची? गर्भारपण, प्रसूती आणि बाळंतपणाचे कोड ‘ओ’ अक्षराने सुरू होतात आणि ते फक्त आईच्या कागदावर लागतात. जन्माच्या आगेमागे उद्भवलेल्या बाळाच्या आजारांचे कोड ‘पी’ने, तर जन्मजात व्यंगांचे ‘क्यू’ने सुरू होतात, आणि ते बाळाच्या कागदावर जातात. घटना एकच असली, तरी आईच्या कागदावर ती प्रसूतीतील अडचण म्हणून नोंदवली जाते आणि बाळाच्या कागदावर तिचा बाळावर झालेला परिणाम नोंदवला जातो. संगणकात टंकताना ‘ओ’ हे अक्षर आहे, शून्य नव्हे, याकडेही लक्ष असावे. शून्य पडले की तो कोड पुढे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

आईच्या कागदावरचा मुख्य गट ओ ६९. बाळाच्या डोक्याच्या आधी नाळ खाली घसरून आली असेल, तर ओ ६९.०, गळ्याभोवती वेढा असून नाळ दाबली गेली असेल, तर ओ ६९.१, नाळेचा इतर गुंता, खरी गाठ किंवा एकाच पिशवीतील जुळ्यांच्या नाळा एकमेकींत अडकणे यांसाठी ओ ६९.२, आखूड नाळेसाठी ओ ६९.३, नाळेच्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या मुखावरून गेल्या असतील, म्हणजे व्हासा प्रीव्हिया असेल, तर ओ ६९.४, नाळेतील रक्तस्राव, रक्ताची गाठ किंवा रक्तवाहिनीत गुठळी यांसाठी ओ ६९.५. गळ्याभोवती वेढा आहे पण दाब नाही, अशी स्थिती ओ ६९.८ मध्ये जाते. ओ ६९.९ हा अनिर्दिष्ट कोड आहे, आणि केसशीट समोर असताना तो वापरावा लागला, तर कुठेतरी विचारायचे राहिले आहे असे समजावे.

ओ ६९.१ आणि ओ ६९.८ यांच्यातला फरक मी सविस्तर सांगतो, कारण इथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. कामाच्या पहिल्या वर्षी एका रुग्णालयात मी ‘राउंड नेक’ दिसले की सरळ ओ ६९.१ लावत असे. जन्मताना गळ्याभोवती वेढा असणे ही दर चार-पाच बाळंतपणांमागे एकदा दिसणारी गोष्ट आहे. बहुतेक वेळा तो सैल असतो, डॉक्टर तो बोटाने डोक्यावरून सरकवून काढतात आणि बाळ लगेच रडते. वर्षाअखेरीचा तक्ता झाला, तेव्हा नाळ दाबली गेलेल्या बाळंतपणांचा आकडा एवढा फुगला होता, की प्रसूती विभागाच्या प्रमुख बाईंनी मला बोलावून घेतले. त्या सगळ्या केसशीट मी पुन्हा काढल्या. बहुतेकांत ‘दाब’ हा शब्दच नव्हता. तो मी मनाने घातला होता.

उलट चूकही होते. गर्भाच्या ठोक्यांच्या आलेखात घसरण दिसते, सिझेरियन होते, गळ्याभोवती दोन घट्ट वेढे सापडतात, आणि डिस्चार्ज समरीत मात्र फक्त ‘राउंड नेक’ एवढेच उरते. आलेख पाहून दाब होता असा निष्कर्ष कोडरने काढू नये, आणि तो नव्हता असेही धरू नये. एक चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे पाठवावी. चिठ्ठीत उत्तर सुचवू नये. ‘वेढा सैल होता की घट्ट, आणि नाळेवर दाब आला होता का, हे कृपया नोंदीत स्पष्ट करावे’ एवढेच पुरे.

आता बाळाचा कागद. नाळ आधी खाली आल्याचा परिणाम बाळावर झाला असेल, तर पी ०२.४, वेढा, गाठ किंवा गुंता यांमुळे नाळ दाबली जाऊन परिणाम झाला असेल, तर पी ०२.५, आखूड नाळ, व्हासा प्रीव्हिया आणि नाळेच्या इतर स्थितींसाठी पी ०२.६. यात ‘परिणाम झाला असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सैल वेढ्यासह जन्मलेल्या, लगेच रडलेल्या आणि आईजवळ दिलेल्या धडधाकट बाळाला पी ०२.५ लावण्याचे कारण नाही. एकुलते बाळ रुग्णालयात जन्मले, एवढे सांगणारा झेड ३८.० त्याला पुरतो. आजाराचा कोड एकदा चिकटला, की तो बाळाबरोबर पुढच्या प्रत्येक कागदावर जातो.

एक उदाहरण घेऊ. खानापूरच्या जंगलपट्टीतील एका वाडीवर बाईची पाणमोट घरीच फुटली, १०८ची गाडी येईपर्यंत नाळ बाहेर आली, शहरात पोहोचताच तातडीचे सिझेरियन झाले, बाळ रडले नाही, आणि डॉक्टरांनी ‘तीव्र बर्थ अ‍ॅस्फिक्सिया’, म्हणजे जन्मताना श्वास कोंडणे, असे लिहिले. आईच्या कागदावर मुख्य कोड ओ ६९.०, जोडीला तातडीच्या सिझेरियनचा ओ ८२.१, आणि एकुलते बाळ जिवंत जन्मल्याचा झेड ३७.०. बाळाच्या कागदावर मुख्य आजार पी २१.०, आणि कारण म्हणून पी ०२.४. मुख्य जागी पी ०२.४ लिहिण्याची चूक फार होते. उपचार श्वास कोंडण्यावर झाले आहेत, म्हणून तेच आधी येते. डॉक्टरांनी नुसता अपगार गुण, म्हणजे जन्मताच बाळाची स्थिती पाहून दिलेला गुण, कमी लिहिला असेल, आणि अ‍ॅस्फिक्सिया किंवा श्वासाचा अन्य त्रास कुठेच नोंदला नसेल, तर पी २१ लावता येत नाही, अशी सूचना त्याच गटाखाली आहे.

निरोगी नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. कापलेल्या टोकाकडे नीट पाहिले, तर दोन बारीक, जाड भिंतींची तोंडे आणि एक मोठे, पातळ भिंतीचे तोंड दिसते. धमनीचे एकच तोंड दिसले, तर ते जन्मजात व्यंग आहे आणि बाळाच्या कागदावर क्यू २७.० लागतो, पी ०२.६ मधून ही स्थिती वगळलेली आहे. अशा बाळांपैकी काहींना मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दोष असू शकतात. म्हणून हा कोड सुटला, तर पुढे बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांना शोध घेण्याची सूचनाच मिळत नाही.

पुण्या-बेंगळुरूत अमेरिकी रुग्णालयांची कामे करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे, की तिकडची सुधारित आवृत्ती अधिक बारीक आहे. तेथे ओ ६९ला सातवे चिन्ह लागते, जे कोणत्या गर्भाविषयी बोलणे आहे ते सांगते, आणि मधल्या रिकाम्या जागा ‘एक्स’ने भरतात. सैल वेढा ओ ६९.८१ मध्ये जातो, इतर गुंता दाबाविना असेल तर ओ ६९.८२ मध्ये. नाळ वारेत न शिरता पडद्यांत शिरली असेल, तर ओ ४३.१२ आणि पुढे तिमाहीचा अंक.

नाळ कापल्यानंतरचे विकार वेगळ्या घरांत बसतात. बेंबी लाल होऊन पू आला, थोडे रक्तही आले, तर पी ३८. बांधलेला दोरा सुटून किंवा अन्य कारणाने रक्तस्राव झाला, तर पी ५१. बेंबीतील पॉलिपला, म्हणजे छोट्या मांसल वाढीला, पी ८३.६, नवजात धनुर्वाताला ए ३३. बेंबीतूनच पिशवीसह आतडी बाहेर आली असतील तर क्यू ७९.२, आणि बेंबीच्या बाजूच्या फटीतून पिशवीविना आली असतील तर क्यू ७९.३, ‘पिशवी होती का’ हे नोंदीत नसेल, तर पुन्हा चिठ्ठी. बेंबीला हळद-तेल लावल्याची हकीकत आजीने सांगितली असेल, तर ती बाळाच्या केसशीटमध्ये मराठीत का होईना पण लिहून ठेवावी. कोड तिच्यावरून ठरत नाही, पण वॉर्डातल्या सिस्टरना घरच्यांशी कशाविषयी बोलायचे ते कळते.

केसशीट बंद करण्यापूर्वी मी आईची आणि बाळाची शेजारी ठेवून एकदा वाचतो. परवाच आईच्या कागदावर ओ ६९.१ होता आणि बाळाच्या कागदावर फक्त झेड ३८.०. दोन्ही बरोबर असू शकतात, पण खात्री नव्हती, म्हणून चिठ्ठी पाठवली. संध्याकाळी ती परत आली. डॉक्टरांनी नोंदीत ‘एक वेढा, सैल, दाब नाही’ असे लिहून सही केली होती. आईचा कोड ओ ६९.८ केला आणि चिठ्ठी केसशीटला टाचून ठेवली.