गेंड्याची पावली खरी की खोटी, कशी बघायची

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी नाणी दिसली की आधी खिशातलं मॅग्नेट काढा, कारण गेंड्याची पावली म्हणजे गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे 1988 पासून स्टीलचे आलेत आणि ते चिकटायलाच हवेत. वजन 2.83 ग्रॅम, रुंदी 19 मिमी, दागिन्यांचा छोटा काटा पुरतो. मग नाण्यावरच्या सालाखाली टांकसाळीची खूण बघा, हिरा म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा आणि काहीच नसलं तर कोलकाता, पण तिथे लेन्स लावाच, कोणी मार्क खरडून काढला असेल तर बारीक ओरखडे दिसतात. कंडिशनसाठी गेंड्याच्या कातडीच्या घड्या बघायच्या, त्या सपाट झाल्या म्हणजे नाणं भरपूर फिरलंय. आणि आमच्या खाऱ्या हवेत डाग पडले म्हणून सोलां (आमसुलं) घेऊन घासत बसू नका हां, घासलेल्या नाण्याला भाव येत नाही.