दवाखान्याचा हिशोब सीएकडे देण्याआधी

ठाण्यात नौपाड्याला संध्याकाळी स्वतःचा दवाखाना आणि सकाळी दोन-तीन हॉस्पिटलांत कन्सल्टिंग, अशी प्रॅक्टिस असेल तर मुख्यतः डॉक्टरांचेच हिशोब बघणारी सीए फर्म गाठावी. पण फर्म कितीही जाणकार असली तरी तुमच्या काउंटरवर रोज काय जमा झालं ते तिला दिसत नाही. ते तुम्हीच न्यायचं असतं, आणि एप्रिल-मेमध्येच नेलेलं बरं. जुलैअखेर नेलेल्या फायलीकडे कुणी नीट बघू शकत नाही.

आधी सगळ्या बँक खात्यांची १ एप्रिल ते ३१ मार्चची स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या, घरखर्चाच्या खात्यासकट. मोबाइलवर काढलेले फोटो कामाचे नाहीत. प्रत्येक मोठ्या जमा रकमेसमोर एक शब्द लिहा: फी, भाडं, मुदत ठेव मोडली, भावाने उसने दिले. हे न लिहिल्यास फर्ममधला आर्टिकल (शिकाऊ सीए) शंका येईल ती रक्कम फी धरून चालतो. काउंटरवरचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याला जोडला आहे तेही तपासा. तो पत्नीच्या किंवा रिसेप्शनिस्टच्या खात्याला जोडलेला असेल तर आजच बदला, कारण ती फी त्यांच्या नावावर दिसते.

आता रोख. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली वर्षाच्या एकूण फीच्या किमान ५०% उत्पन्न दाखवलं की हिशोबवह्यांची सक्ती नसते. ही सोय एरवी ५० लाखांपर्यंत आहे. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. वर्षाची फी ६२ लाख असेल तर रोखीची मर्यादा ३ लाख १० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २६ हजार. ५०० रुपये रोख देणारे महिन्याला ५२ पेशंट झाले की ती संपली. ती ओलांडली तर ही सोय हातची जाते आणि ऑडिट लागतं. यूपीआय रोखीत धरत नाहीत. म्हणून डायरीत ‘१२/११, ६ पेशंट, ३०००’ एवढंच लिहिणं पुरत नाही. तारीख, अनुक्रमांक, पेशंटचं नाव, काय उपचार केले, फी किती आणि कधी मिळाली, असे रकाने हवेत. रोख की यूपीआय हा रकाना आपणहून वाढवा. ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा असेल तर साधारणपणे अशी वही, म्हणजे फॉर्म ३सी, नियम ६एफनुसार ठेवावीच लागते.

हॉस्पिटलांकडून फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या कराचा (टीडीएसचा) दाखला, मागून घ्या आणि प्राप्तिकर खात्याकडे तुमच्या नावावर झालेल्या नोंदींचे उतारे, म्हणजे २६एएस व एआयएस, उतरवून शेजारी ठेवा. बँकेत ९० हजार आले म्हणून फी ९० हजार नव्हे. १०% टीडीएस कापण्याआधीची १ लाख हीच तुमची फी. खरा घोळ मार्चमध्ये होतो. हॉस्पिटल मार्चच्या बिलावर टीडीएस दाखवतं आणि पैसे एप्रिलमध्ये देतं. तुमचा हिशोब पैसे हाती येतील तसा असेल तर तो टीडीएस पुढच्या वर्षी ओढायची सोय विवरणपत्रात आहे, पण अशा बिलांची यादी तुम्ही दिली तरच ती वापरता येते. औषध कंपनीने परिषदेचं तिकीट-हॉटेल केलं असेल तर तेही सांगा. वर्षात एका कंपनीकडून २० हजारांच्या वर लाभ गेला की त्यावर १०% टीडीएस असतो आणि तो एआयएसमध्ये उमटतो.

प्रत्यक्ष खर्च वजा करायचे असतील तर खुर्ची, संगणक, मशीन यांच्या बिलांवर ती वापरात आल्याची तारीख लिहा. त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच मिळतो. ४४एडीएत राहायचं असेल तर बिलं नुसती जपून ठेवा.

पगारपत्रकही जोडा. महिन्याला १२ हजार घेणाऱ्या पुरुष कंपाउंडरचा व्यवसायकर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५ हजारांपर्यंत माफी. स्वतःचा वार्षिक २५०० रुपयांचा व्यवसायकर वेगळा, त्याचं चलन बरेच जण विसरतात.

दवाखान्यातली खोली सकाळी दुसऱ्या डॉक्टरला भाड्याने देत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. उपचारांवर जीएसटी नाही, पण खोलीच्या भाड्यावर आहे, आणि २० लाखांची नोंदणीमर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा धरतात. भाडं महिन्याला १५ हजारच असलं तरी नोंदणी लागू शकते. नुसता दवाखान्याचा हिशोब बघणाऱ्या सीएच्या हे ध्यानातही येत नाही.

फर्मला विचारायचं ते असं: आगाऊ कराची आठवण कोण करणार? ४४एडीएत तो एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. जुनी करपद्धत हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत कोण भरणार? प्राप्तिकर पोर्टलचा पासवर्ड फर्मकडे दिलात तरी नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या. नोटीस तिथेच येते. ऑडिट अहवालावरचा १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे सीएने त्या अहवालासाठी काढलेला ओळख क्रमांक, सीए संस्थेच्या (आयसीएआयच्या) यूडीआयएन पोर्टलवर टाकून बघा. आणि विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय झालं का ते स्वतः लॉगिन करून पाहा.