सीताफळाला फुलं भरपूर, फळ एकही नाही?

गच्चीवरच्या ड्रमातलं सीताफळ एप्रिल-मेमध्ये फुलतं आणि पुण्याच्या कोरड्या हवेत सगळी फुलं गळतात. खत वाढवून काही होत नाही. आमच्याकडे कामी आला तो चित्रकलेचा २ नंबरचा मऊ ब्रश: त्याने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला हाताने लावायचे.

१. सकाळी सात-साडेसातच्या आत तिन्ही पाकळ्या पूर्ण फाकलेली फुलं तोडा. कागदावर टिचकी मारली की पांढुरकी भुकटी पडते, तेच पराग. एखाद्या छोट्या डबीत घ्या.

२. आता अर्धवट उमललेलं फूल शोधा: पाकळ्यांची टोकं जेमतेम सुटलेली, आतला गोंडा ओलसर, चमकणारा. पाकळी अलगद बाजूला करून परागाचा ब्रश गोंड्याभोवती दोन-तीनदा फिरवा. याच पायरीला घाई नको. पूर्ण उघडलेल्या फुलावर ब्रश फिरवणं म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट काढणं!

३. देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर कुठल्या फुलावर केलं तेच विसरतं. पाकळ्या गळूनही हिरवा मणी टिकला, फुगू लागला, की जमलं.

जाड फांद्यांवरचीच फुलं निवडा, आणि ड्रमातल्या झाडावर आठ-दहापेक्षा जास्त फळं धरू नका; नाहीतर सगळीच लिंबाएवढी राहतात. सासवडच्या सीताफळांशी बरोबरी पुढच्या वर्षी.