गुडघा दुखतो म्हणून गुडघाच तपासताय? पायांच्या सांध्यांच्या तपासणीत या चुका टाळा

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी यायच्या. पहाटे चार म्हशींची धार, मग डेअरीला दूध, मग रान. तक्रार एकच, उजवा गुडघा. "मॅडम, वंगण संपलंय म्हणत्यात. सुईनं घालता येतंय काय?" मी तेव्हा फिजिओथेरपीच्या प्रॅक्टिसला नवी होते. टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला, सरळ केला, वाटी हलवून पाहिली आणि शेक, करंट सुरू केला. दहा दिवस त्या रोज एसटीचं तिकीट काढून आल्या. अकराव्या दिवशी म्हणाल्या, "हितं बरं वाटतंय, पण धारंला बसलं की पुन्हा तसंच."

तेव्हा कुठं मला सुचलं. म्हटलं, धारेला बसता कशा, दाखवा बघू.

त्या तिथंच फरशीवर उकिडव्या बसल्या. डावी टाच जमिनीला चिकटलेली. उजवी टाच दोन बोटं वर, पाऊल बाहेर वळलेलं, तळपायाची कमान आत कोसळलेली आणि गुडघा डाव्या गुडघ्याकडे झुकलेला. घोट्यावरून हात फिरवला तर हाड जरा जाड लागलं.

"हा घोटा कधी मोडला होता?"

"त्यो व्हय? म्हशीनं पाय दिलता. लई वर्सं झाली. कामट्या बांधल्या हुत्या."

दहा दिवस मी चुकीच्या सांध्याला शेक देत होते. उकिडवं बसताना नडगी पावलावर पुढं झुकावी लागते. घोटा तेवढा वाकत नसेल तर शरीर दुसरी वाट काढतं: टाच उचलते, पाऊल बाहेर वळतं, कमान दबते आणि नडगी आत फिरते. त्या पिळाचा ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो. गुडघा म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. खाली घोटा, वर खुबा, आणि मधे हा.

घोट्याची ही चाचणी घरातल्या भिंतीवरही होते. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभं राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. जमलं तर पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच उचलायला लागते त्याच्या आधीची शेवटची जागा धरा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंत टेपनं मोजा. पुष्कळांचं 10 सेंटिमीटरच्या आसपास येतं. पण एकट्या आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक जास्त बोलतो. 2 सेंटिमीटरच्या वर फरक दिसला की मी थांबते. मावशींचं डावीकडे 10, उजवीकडे 4 आलं.

इथंच आणखी एक चूक होते. घोटा कमी वाकतो म्हटलं की सरसकट पोटरी ताणायला सांगितली जाते. आधी विचारा, कुठं अडतंय? मागे पोटरीत ओढ लागत असेल तर ताणाचा उपयोग आहे, आणि तो गुडघा सरळ ठेवून तसाच वाकवूनही द्यायचा, कारण पोटरीतला खोल स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं होत असेल तर सांधाच अडलाय. कधी हातानं सांधा मोकळा करता येतो, कधी हाडालाच हाड टेकतं आणि तिथं जोर लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. मावशींचं थोडं हे, थोडं ते होतं. म्हणून घोटा मोकळा केला, पायरीवर टाचा वर-खाली करायचा व्यायाम दिला आणि धारेला बसताना उजव्या टाचेखाली लाकडाची चपटी फळी ठेवायला सांगितली. त्या फळीचा गुण त्याच आठवड्यात आला.

चप्पल दाराबाहेर राहते

आपल्याकडे पेशंट दवाखान्यातही चपला बाहेर काढून येतो. रीत चांगली आहे, पण दिवसाचे बारा तास पाय ज्यात असतो ती वस्तू तपासणारा बघतच नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं. तिच्या टाचेची झीज मात्र केसपेपरवर क्वचितच येते. मी आता चप्पल आत मागवते. पेशंट संकोचतो, "राहू दे की मॅडम, घाण हाय", तरी मागवते.

चप्पल बघतानाही घोटाळा होतो. टाचेची बाहेरची कड झिजलेली दिसली की "पाय बाहेर पडतोय" असं सांगून मोकळं व्हायचं. चालताना टाच जमिनीला टेकते तीच मुळी जरा बाहेरच्या अंगाने, त्यामुळे तिथली थोडी झीज सगळ्यांचीच असते. बघायचं ते डाव्या-उजव्यातला फरक, आणि आतली कड खचली आहे का ते. चप्पल सैल असेल तर बोटं आत वळवून ती धरून ठेवायची सवय लागते, तीही बघा.

सपाट तळवा म्हणजे आजार नव्हे

ओला पाय फरशीवर उमटवून "मॅडम, सपाट आहे, चपलेत घालायचं पॅड द्या" म्हणणारे आईबाप दर आठवड्याला येतात. लहान मुलांचे पाय बहुधा सपाटच असतात, वाढत्या वयात कमान येते. मोठ्यांतही सपाट तळव्याची कितीतरी माणसं रंकाळ्याला रोज फेऱ्या मारतात आणि त्यांचं काही दुखत नाही.

चवड्यांवर उभं राहायला सांगा. कमान उठली आणि टाच आत वळली तर पाय लवचीक आहे. किंवा उभ्या माणसाच्या पायाचा अंगठा वर उचला. तळपायाचा पट्टा अंगठ्याभोवती ताणला जातो आणि कमान वर येते. पायाच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या हिक्स यांनी 1954 साली याची तुलना दोर गुंडाळणाऱ्या रहाटाशी केली होती, आणि ज्यानं विहिरीचा रहाट बघितलाय त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काळजी करायची ती निराळ्या पायाची: मोठेपणी, एकाच बाजूला, हळूहळू खचत गेलेला, आतल्या घोट्यामागे दुखणारा, आणि त्या एका पायावर टाच उचलताच येत नाही. तो लगेच दाखवा. बाकीच्यांना महागडं पॅड देण्याआधी चिकटपट्टी लावून कमानीला आधार द्या आणि दुखरी हालचाल पुन्हा करून घ्या. फरक पडला तरच पॅडचा विचार.

"एक पाय आखूड आहे" हेही असंच पटकन बोललं जातं. झोपवून कंबरेच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेपनं मोजलं तर एकाच माणसाच्या हातून दोनदा दोन आकडे येतात. 1 सेंटिमीटरच्या आतला फरक अनेकांत असतो आणि तो निमूटपणे खपून जातो. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल किंवा खुबा आखडलेला असेल तर पाय नुसता आखूड भासतो. उभं करून, आखूड वाटणाऱ्या पायाखाली पातळ फळ्या सरकवत कंबर समपातळीत आणून मोजा. मग बोला.

"घासलाय" हा शब्द जपून वापरा

एक्स-रे झोपवून काढलेला असेल तर सांध्यावर भार नसतो, फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. गुडघ्याची झीज बघायची तर उभ्यानं काढलेला एक्स-रे हवा. तो काढला तरी झीज आणि वेदना हातात हात घालून चालत नाहीत. फिल्म वाईट आणि माणूस जोतिबाच्या पायऱ्या चढतोय, असंही बघितलंय. फिल्म चांगली आणि माणूस जिना उतरताना कठडा सोडत नाही, असंही. "घासलाय, वंगण संपलं" ऐकलेला माणूस पाय वापरायचा बंद होतो, मांडी बारीक होते आणि गुडघा आणखी दुखतो. सांध्याची गादी भार आणि हालचालीवरच पोसली जाते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

वजनाचा हिशेबही सांगावा. वजन जास्त आणि गुडघ्याची झीज असलेल्या वयस्कर लोकांच्या 2005 सालच्या एका अभ्यासात, एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो, असं दिसलं. तांबडा-पांढरा रस्सा सोडा असं मी सांगत नाही. कोल्हापुरात ऐकणार कोण? पण भाताची दुसरी वाढणी हा चर्चेचा विषय होऊ शकतो.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं पूर्वीच्या पातळीवर आलं असेल तर मात्रा बरोबर, चढलेलं असेल तर कमी करा. "दुखलं की बंद" आणि "दुखू दे, कर" ही दोन्ही टोकं चुकीची.

तालमीतला गुडघा

"गुडघा अंगठ्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही" हा नियम जिममधून तालमीत पोहोचलाय. तालमीतली बैठक मुळात चवड्यावर, टाच उचलून, गुडघा पुढे घालूनच मारतात. ती मारून पिढ्या घडल्या. नडगी उभी ठेवायची सक्ती केली तर अंग पुढे वाकतं आणि भार खुब्यावर, कंबरेवर जातो. तो नाहीसा होत नाही. दुखऱ्या गुडघ्याला थोडे दिवस बैठकांची संख्या आणि खोली कमी करा, बैठकच बंद करू नका.

खरी चूक पुढची. गुडघ्यातल्या लिगामेंटच्या (हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) ऑपरेशननंतर सूज उतरली, चालणं सुधारलं, की यात्रांचा हंगाम बघून पैलवान मातीत उतरतो. वस्तादांना मी एकच दाखवते: एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर थांबायला सांगा. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवी, आणि उतरताना गुडघा आत पडता कामा नये. ऑपरेशनपासून नऊ महिन्यांच्या आत मातीत उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका जास्त असतो, उडी कितीही चांगली पडो.

चालण्याचा मोबाइल व्हिडिओ घेताय? फोन हातात न धरता स्टुलावर, गुडघ्याच्या उंचीला ठेवा. एकदा बरोबर मागून, एकदा बाजूने. पहिल्या फेऱ्या सोडून द्या, त्यात माणूस परीक्षेला बसल्यासारखा चालतो. साडी आणि सैल पायजम्यात गुडघा दिसत नाही, म्हणून दवाखान्यात आडोसा आणि दोन-चार हाफ पँट ठेवा. नऊवारीतल्या आज्या याबाबतीत सोयीच्या, काष्ट्याखाली पोटऱ्या बघायला मिळतात.

खुबा विसरू नका

लंगडणारं मूल "गुडघा दुखतोय" म्हणतं आणि घरचे गुडघ्याला तेल चोळत बसतात. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. अशा मुलाचा खुबा आतल्या बाजूला फिरवून बघा. फिरत नसेल तर तेल, शेक, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. सांधा गरम, लाल आणि अंगात ताप, एकाच पोटरीला अचानक सूज, किंवा पडल्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, यांचीही जागा आपलं टेबल नव्हे.

मोठ्यांत एका पायावर उभं करून कंबर बघायची. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 साली सांगितलेली ही खूण आजही चुकीच्या बाजूला लिहिली जाते. उजव्या पायावर उभं राहिल्यावर कंबर डावीकडे खाली गेली तर दुबळा आहे तो उजव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू. आणि कंबर पडली नाही तरी खांद्यांकडे बघा. हुशार पेशंट धडच त्या पायावर झुकवतो आणि उणीव झाकतो.

काठीचंही तेच. उजवा खुबा दुखतो म्हणून बहुतेक आजोबा काठी उजव्या हातात धरतात. ती डाव्या हातात हवी, उजव्या पायाबरोबर पुढे टाकायची. म्हणजे उजव्या खुब्याच्या स्नायूला कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा दाब उतरतो. उंची मनगटाच्या सुरकुतीइतकी, पायात नेहमीची चप्पल घालून मोजलेली. खाली रबर आहे का ते बघा, नसेल तर पंचगंगा घाटाच्या ओल्या दगडावर ती काठी नसलेलीच बरी.