रोजच्या बसचा इतिहास कसा लिहावा: आमच्या ४१५ वरून

आई ऐंशीच्या दशकात सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीतल्या निर्यात-कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला होती, पुढे मीही तिथेच चिकटले. त्यामुळे अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणारी बेस्टची ४१५ म्हणजे आमच्या घरातलंच माणूस. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईतली शेवटची जुनी डबलडेकर धावली ती याच मार्गावर. त्या रात्री मी एक दोनशे पानी वही काढली. तुम्हालाही तुमच्या बसची अशी वही करायची असेल, तर माझ्या चुकांचा फायदा घ्या.

वहीत डाव्या पानावर मार्ग लिहा, उजव्या पानावर गाडी. हे पहिल्या दिवसापासून करा. मार्गाची कुंडली वेगळी, गाडीची वेगळी. मी सुरुवातीला दोन्ही एकत्र लिहिलं आणि आईची डबलडेकर तीच माझी डबलडेकर असं धरून चालले. २०२३ मध्ये निवृत्त झालेल्या गाड्या पंधरा वर्षांचं आयुष्य संपलं म्हणून गेल्या. आता हिशेब करा, म्हणजे त्या २००८ च्या आसपासच्या. आई ज्या गाडीत वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची, ती कधीच भंगारात गेली होती. चार पानं फाडावी लागली.

डाव्या पानाची सुरुवात ‘ही बस मुळात का?’ या प्रश्नानं करा. सीप्झ १९७३ मध्ये सुरू झालं. स्टेशनपासून तिथवर रोज माणसं नेणं हे काम त्यातूनच उभं राहिलं. तुमच्या बसच्या टोकाला गिरणी असेल, हॉस्पिटल असेल, म्हाडाची वसाहत असेल. तिचं साल आधी शोधा. नंबरवरूनही अंदाज येतो. ढोबळमानानं दोनशेची मालिका पश्चिम उपनगरांची, तीनशेची पूर्व उपनगरांची आणि चारशेची दोन्हींना जोडणारी. पण आमची ४१५ अंधेरीतच निघते आणि अंधेरीतच संपते, तरी चारशेत! तेव्हा नंबराला पुरावा मानू नका.

उजव्या पानासाठी फोटो लागतात आणि फोटोवर तारीख क्वचितच असते. आधी नंबरप्लेट बघा. एमएच-०१ अशी सुरुवात असेल तर फोटो १९८९ नंतरचा. त्याआधी नुसती तीन अक्षरं आणि आकडे असायचे. (एमएच-०१ म्हणजे ताडदेव आरटीओ. गाडी कुठे नोंदवली ते त्यातून कळतं, कुठे धावली ते नाही.) मग आजूबाजूला बघा. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत पण वरचा पूल अजून झालेला नाही, तर फोटो जून २०१४ च्या आधीचा, कारण वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. बसच्या कपाळावरचा मराठी आकडा लाल असेल तर ती लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी. पुढे ट्रकसारखं वेगळं तोंड आणि मागे जोडलेला लांब डबा दिसला तर ती जोडबस. या बस १९६७ मध्ये आल्या. आमच्या एका नातेवाइकानं तसला फोटो ‘पहिली डबलडेकर, १९२६’ म्हणून फिरवला होता. १९२६ मध्ये, १५ जुलैला, बेस्टची पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली हे खरं, पण डबलडेकर आली १९३७ मध्ये.

तिकिटं हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. आईच्या जुन्या पर्समध्ये, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी, बोटभर रुंदीचं एक पातळ तिकीट सापडलं. पंचचं भोक नेमकं एका आकड्यावर पडलेलं, कडा मऊ झालेल्या. असं तिकीट मिळालं की किंमत, रंग, भोक कुठल्या आकड्यावर आहे, सगळं उतरवून घ्या. किमतीवरून काळ ठरतो: कमीत कमी भाडं जुलै २०१९ मध्ये पाच रुपये झालं आणि मे २०२५ मध्ये दहा. मशीनमधून निघालेलं तिकीट मात्र त्याच दिवशी मोबाइलवर टिपा, त्यावरची अक्षरं हळूहळू उडतात. आणि लॅमिनेशन करू नका. त्या शेवटच्या आठवड्यातलं माझं ४१५ चं तिकीट मी झेरॉक्सवाल्याकडे दिलं. तो कागद उष्णतेनं काळा पडतो. आता वहीत प्लास्टिकमध्ये एक काळी पट्टी आहे.

निवृत्त कंडक्टर भेटले तर ‘काका, इतिहास सांगा’ म्हणू नका, ते १९४७ पासून सुरू करतील. विचारा: गाडी कुठल्या थांब्यावर भरायची? पावसात वळसा कुठून? दोन घंट्या दिल्यावरही ड्रायव्हर कोणासाठी थांबायचा? डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर लागत. ही गाडी महाग का पडायची, ते या एका गोष्टीतून जास्त कळतं. काकू शेजारी बसल्या असतील तर उत्तम, तारखा त्यांना पाठ असतात. ‘धाकटीच्या बारशाला यांची मरोळला बदली झाली’ हे माझ्या वहीतलं सर्वात पक्कं साल आहे.

बेस्टचं संग्रहालय आणिक आगारात आहे, एक सकाळ तिथे घालवा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी वर्तमानपत्रं चाळा. आधी साल नक्की करून जा, नाहीतर जाहिराती वाचण्यात दुपार जाते.

उरलेलं माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. ‘४१५ चा इतिहास द्यावा’ असं लिहिलंत तर हात हलवत परत याल, कारण दफ्तरात जे आहे तेवढंच मिळतं. एवढंच लिहा: ‘बसमार्ग क्रमांक ४१५ सुरू करण्याच्या आदेशाची आणि त्यानंतर मार्गात केलेल्या प्रत्येक बदलाच्या आदेशाची प्रत द्यावी.’ पोच घ्या आणि वहीच्या डाव्या पानाला टाचा.