‘आई, माझं ते कुठे ठेवलंय?’ : घर आवरताना या चुका टाळा

सकाळी सात ते साडेआठ या वेळात घरात ‘कुठे आहे?’ हा प्रश्न किती वेळा येतो, ते एकदा मोजून बघा. किल्ली, चष्मा, दुसरा मोजा, डब्याचं झाकण, चार्जर, सही करून न्यायची वही. मी एका सोमवारी मोजलं. अकरा वेळा आला, आणि त्यातले नऊ वेळा तो मला विचारला गेला होता. घर तसं दिसायला नीटनेटकं होतं. ओट्यावर पसारा नाही, सोफ्यावर कपडे नाहीत. तरी साडेआठला सगळे बाहेर पडले की मी दहा मिनिटं नुसती खुर्चीत बसून राहायचे. दिवस सुरू व्हायच्या आतच थकवा यायचा.

घरातल्या कोणालाही, दुसऱ्याला न विचारता, हवी ती वस्तू मिळाली की घर आवरलेलं आहे असं मी आता मानते. पुढच्या सगळ्या चुका आम्ही केल्या आहेत आणि एकेक करून दुरुस्तही केल्या आहेत.

मुहूर्ताची वाट बघणं

दिवाळीच्या आधीचा एक रविवार धरायचा, माळ्यावरचं सगळं खाली काढायचं, संध्याकाळपर्यंत कंबर धरायची आणि पुढचे अकरा महिने त्याकडे बघायचं नाही. अशाने घर स्वच्छ होतं, पण तीन आठवड्यांत खण पुन्हा तसेच भरतात, कारण रोजच्या वस्तू रोज कुठे जायच्या हे ठरलेलंच नसतं.

आमच्याकडे आता रात्रीची भांडी झाली की दहा मिनिटं ठरलेली आहेत. धुतलेल्या डब्यांशेजारी त्यांची झाकणं, दप्तर दाराशी, पाण्याच्या बाटल्या भरून ओट्यावर, मोबाइल चार्जिंगला. एवढंच. कपाट लावायला बसायचं नाही, नाहीतर दहाची पन्नास मिनिटं होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणी उठत नाही.

आधी डबे विकत घेणं

तुळशीबागेतून आठ सुंदर टोपल्या आणल्या, त्यात आधीचाच पसारा भरला, असं होतं. आधी सामान कमी करा. मग उरेल ते जुन्या बुटांच्या खोक्यात महिनाभर ठेवून बघा. ती सोय अंगवळणी पडली तरच टोपली घ्या.

वस्तू ‘जपून’ ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सगळ्यात काळजी घेणारी माणसंच करतात.

तीन वर्षांपूर्वी रात्री दीडच्या सुमारास सासरे छातीत दुखतंय म्हणून उठले. हॉस्पिटलच्या काउंटरवर मेडिक्लेमचं कार्ड मागितलं. कार्ड घरात होतं. सासूबाईंनी ते जपून ठेवलं होतं, पण त्या तेव्हा नणंदेकडे नाशिकला होत्या आणि त्यांचा फोन सायलेंटवर होता. नवरा बाबांजवळ थांबला, मी घरी आले. लोखंडी कपाटाचं लॉकर, देवघराखालचा खण, गादीखालची फाइल, पिठाच्या डब्यामागची पिशवी, सगळं पाहून झालं. पहाटे साडेपाचला कार्ड मिळालं, पैठणीच्या घडीत, सोन्याच्या पावत्यांबरोबर.

पैशाचं नुकसान झालं नाही. तातडीने भरती केलेल्या पेशंटची विमा कंपनीला साधारणपणे २४ तासांत खबर द्यायची असते, तेवढा वेळ आमच्याकडे होता. बाबा आता ठणठणीत आहेत. पण त्या रात्री मी त्यांच्या उशाशी असायला हवी होते, आणि मी साड्या उलगडत होते. हे मला अजून लागतं.

सासूबाईंची यात काही चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्या काळात एक कागद हरवला तर तहसील कचेरीत चार हेलपाटे पडायचे. म्हणून महत्त्वाची वस्तू म्हणजे खोल आत, कुणाच्या नजरेस न पडेल अशी, ही सवय त्यांना लागली. पण वस्तू चोरापासून लपवताना ती आपण घरच्यांपासूनही लपवतो. दागिने लपवावेत. मेडिक्लेमचं कार्ड घरातल्या चौथीतल्या पोरालाही सापडलं पाहिजे.

यावर दोन उपाय आमच्याकडे टिकले. पहिला असा की हरवलेली वस्तू सापडली की ती परत सापडल्या जागी ठेवायची नाही. शोधायला लागल्यावर आपण सगळ्यात आधी जिथे पाहिलं होतं, तिथे ठेवायची. आपला हात आपोआप जिथे जातो, तीच तिची खरी जागा. कात्री मी कायम स्वयंपाकघरात शोधायचे आणि ती कायम शिवणाच्या डब्यात असायची. आता दुधाची पिशवी कापायची कात्री ओट्याशेजारच्या खिळ्याला असते आणि शिवणाची वेगळी आहे.

दुसरा उपाय नवऱ्याने कंपनीतून आणला. तो चाकणला कामाला आहे. तिथे शॉपफ्लोअरवर कामाची जागा नीट लावून ठेवायची जपानी ‘५ एस’ पद्धत पाळतात, आणि त्यातली ‘सेइतोन’ म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. पाने, पक्कड, हातोडी टांगायच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की त्याची रिकामी आकृती लांबूनच दिसते, कुणाला विचारावं लागत नाही. त्याने दाराशेजारी अशीच एक छोटी फळी केली. स्कूटरची किल्ली, गाडीची किल्ली, गच्चीची किल्ली, प्रत्येकीची पांढऱ्या रंगात आकृती. मुलगा चौथीत आहे, पण झोपायच्या आधी तोच येऊन सांगतो, ‘बाबा, स्कूटरची जागा रिकामी आहे.’

घराची यादी एकाच डोक्यात ठेवणं

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट सुटलेली कामं माणसाच्या जास्त ध्यानात राहतात, असं त्यांना दिसलं. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पोळी लाटताना गॅसचा नंबर लावायचाय हे आठवतं, अंघोळ करताना फीची तारीख आठवते, आणि रात्री पाठ टेकली की दूधवाल्याचा हिशोब. हे ओझं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्यात कुणी हातभारही लावत नाही.

माझ्या आईकडे याची सोय होती, भिंतीवरची दिनदर्शिका. दुधाचे खाडे, भांडीवाल्या बाईंचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मामाच्या मुलाची मुंज, सगळं त्या चौकोनांत बारीक अक्षरात. शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. बाबा जाता-येता वाचायचे आणि न सांगता गॅसचा नंबर लावून यायचे. आपण तिच्या जागी मोबाइलमधलं रिमाइंडर आणलं. ते वाजतं ठरल्या वेळी, पण फक्त एकीच्या खिशात. बाकीच्यांना काम आहे हेच कळत नाही, मग सांगावं लागतं, मग तीच कटकट करते असं वाटू लागतं.

आम्ही दिनदर्शिका परत फ्रिजशेजारी लावली. जानेवारीत एका संध्याकाळी सगळे बसून वर्षभराच्या तारखा भरतो. गाडीचं पीयूसी (बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आणि नंतरच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं), मेडिक्लेमचा हप्ता, मालमत्ता कर, सासऱ्यांच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते. ती कधी बसवली हे बहुतेकांना आठवत नाही, म्हणून आम्ही त्या महिन्याच्या पानावर लिहून ठेवतो. प्रत्येक नोंदीपुढे नावाचं एक अक्षर असतं. ज्याचं अक्षर, त्याचं काम, आणि ते लक्षात ठेवणंही त्याचंच.

शेवटचा भाग सोडू नका. ‘तू फक्त आठवण कर, मी करतो’ या वाटणीत निम्मं ओझं जिथल्या तिथेच राहतं.

सगळे कागद एका पिशवीत

बहुतेक घरांत अशी एक पिशवी असते. लाइटबिलाच्या पावत्यांत जन्माचा दाखला, वॉशिंग मशिनच्या वॉरंटीत सातबारा. आमच्या पिशवीत दीराच्या लग्नात आलेला एक चेक निघाला. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो, त्यामुळे त्याचा आता कागद झाला होता.

बँकेच्या पासबुकांकडे नीट बघा. खात्यात सलग २ वर्षं आपण काही व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. १० वर्षं तसंच पडून राहिलं तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. पैसे बुडत नाहीत, खातेदाराला किंवा वारसाला मागता येतात. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यावर अशा ठेवी शोधता येतात. पण वारसाला खातं होतं हे माहीत असेल तरच तो शोधायला जाईल. जुन्या खात्यांवर नॉमिनीचं नाव आहे का, तेही पाहून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

फाइली तीनच ठेवा. माणसांची एक (आधार, पॅन, दाखले, मेडिक्लेम), घर-जमिनीची एक, पैशांची एक. पहिल्या फाइलीच्या पहिल्या पानावर हाताने लिहिलेला एक कागद लावा. कोणत्या बँकेत खातं, कुठला विमा, एजंटचा फोन, डॉक्टरांचा फोन, प्रत्येकाचा रक्तगट. पासवर्ड आणि पिन त्यावर नकोत. ही फाइल कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

कागदांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. रस्त्यावर पोलिसाने लायसन्स मागितलं तर गॅलरीतला फोटो चालत नाही. २०१५ पासून चालू असलेल्या सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधलं लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मात्र ग्राह्य धरतात, कारण ते थेट परिवहन खात्याकडून आलेलं असतं. घरातल्या ज्येष्ठांचं डिजिलॉकर एखाद्या निवांत दुपारी शेजारी बसून उघडून द्या. ओटीपी येईपर्यंत त्यांना घाई करू नका.

‘चार दिवस चाललं, मग बंद पडलं’

हे मला मैत्रिणी नेहमी सांगतात, आणि वर स्वतःलाच आळशी ठरवतात. सवय लागायला २१ दिवस पुरतात हे ऐकीव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात साध्या सवयीसुद्धा अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. काहींचं १८ दिवसांत झालं, काहींना २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. पाहुणे आले, आजारपण झालं, दहा मिनिटं राहिली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा बसा. राहिलेली भरून काढायला जाऊ नका.

आणि तीच एक वस्तू रोज जागेबाहेर सापडत असेल, तर माणसावर रागावण्याआधी जागा तपासा. आमच्या मुलाचे मोजे वर्षभर दाराशी पडलेले असायचे. ते कपाटात ठेव म्हणून मी वर्षभर ओरडले. तो बूट दाराशी काढतो, मोजे तिथेच उतरतात, कपाट आतल्या खोलीत. आता बुटांच्या स्टँडवर जाळीची टोपली आहे. मळलेले मोजे तीत, धुतलेले वरच्या कप्प्यात, आणि सकाळी बूट घालायला बसला की तो ते स्वतः घेतो.